चाळीस हजारांचे तीस हजार

तारीख १७ सप्टेंबर १७८७. फिलाडेल्फिया येथील परिषदेनें चार महिने खपून सिद्ध केलेली अमेरिकेची घटना चर्मपत्रावर लिहून झाली होती. सह्या तेवढ्या व्हावयाच्या होत्या. इतक्यांत मॅसॅच्युसेट्सचा गोरॅम उठला आणि दर ४०,००० लोकांमागें एकाहून अधिक प्रतिनिधि नसावा, या कलमांत चाळिसांच्या जागीं तीस हजार घालावे, असें त्यानें सुचविलें. त्यास पाठिंबा द्यावयास खुद्द अध्यक्ष वॉशिंग्टन उभे राहिले. अध्यक्षपदामुळें आपण आजवर मौन पाळलें. परंतु इतक्या थोड्या प्रतिनिधींकडून लोकांच्या हक्कांचें रक्षण होणार नाहीं, ही पुष्कळांची शंका दूर करणें इष्ट होय, असा त्यांच्या बोलण्याचा भावार्थ होता. सूचना एकमतानें मान्य झाली. जुना शब्द खरडून त्यावर नवा लिहिला, व तशी नोंदही खालीं करून ठेविली.

मौज अशी कीं, ८ ऑगस्टला याच गोरॅमनें या प्रश्नाची वासलात निराळ्याच रीतीनें लाविली होती. प्रजा वाढेल तसें सभागृह बेसुमार फुगेल, असें मॅडिसननें म्हणतांच, हा अफाट मुलूख दीडशें वर्षांनीं एक राष्ट्र राहणार आहे थोडाच, असें त्याचें उत्तर होतें! अखेर 'एकाहून अधिक नसावा' अशी शब्दयोजना झाली. वरची मर्यादा ठरली. राज्यागणिक निदान एक प्रतिनिधि, याखेरीज खालची कांहींच ठरली नाहीं. पुढील सर्व वादाचें मूळ मला येथेंच दिसतें.

पहिल्या सभागृहांत अवघे ६५ प्रतिनिधि. न्यूयॉर्कच्या परिषदेंत १७८८ च्या जून महिन्यांत मेलँक्टन स्मिथनें यावरच बोट ठेविलें: मतदारसंघ एवढा मोठा केल्यावर तेथें नांवाजलेले धनिकच निवडून यावयाचे, मध्यम स्थितीच्या शेतकऱ्याचा पाड लागणार नाहीं. हॅमिल्टननें त्यास उत्तर दिलें, पण माझ्या मतें स्मिथचा मुद्दा त्यानें खोडला नाहीं. (या मोजणींत गुलामांचा तीन-पंचमांश धरला जाई, मत मात्र त्यांस नव्हतें. त्यांचें प्रतिबिंब कोणत्या सभागृहांत पडलें?)

१७८९ सालीं काँग्रेसनें राज्यांकडे बारा दुरुस्त्या धाडल्या, त्यांतील पहिली याच विषयाची होती. शंभर प्रतिनिधि होईपर्यंत ३०,००० मागें एक, मग दोनशें होईपर्यंत ४०,००० मागें एक. पुढें दोनशेंहून कमी नसावे आणि ५०,००० मागें एकाहून अधिक नसावा. शेवटीं 'कमी' हवें तेथें ऐन वेळीं 'अधिक' आलें, आणि कलम स्वतःशींच भांडूं लागलें. लोकसंख्या ९० लक्ष झाली कीं एका वाक्यान्वयें निदान २०० प्रतिनिधि हवेत, दुसऱ्यान्वयें १८० पेक्षां अधिक चालत नाहींत!

ही दुरुस्ती मंजूर झाली नाहीं. संख्या १९१३ पर्यंत ४३५ वर पोंचली आणि १९२९ च्या कायद्यानें तेथेंच बांधली गेली. १९५९ मध्यें अलास्का व हवाई आलीं तेव्हां कांहीं काळ दोन जागा वाढल्या, एवढेंच. २०२० च्या खानेसुमारीनंतर एका प्रतिनिधीमागें सरासरी साडेसात लक्षांहून अधिक माणसें येतात. त्या बारांतील दुसरी दुरुस्ती प्रतिनिधींच्या वेतनाविषयीं होती. ती १९९२ सालीं मंजूर झाली. पहिली अद्याप राज्यांपुढें पडून आहे.