बांबू कुणाचा?

मैत्रिणींनो, बल्लारपूरची कागद गिरणी आपल्याच जंगलातल्या बांबूवर चालली. तोडायचो आपण, पण हाती यायची फक्त मजुरी. भाव दुसरेच ठरवायचे. 1927 च्या वन कायद्यात बांबू म्हणजे झाड, त्यामुळे जंगलातला बांबू गावाला विकता येत नसे.

2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात आणला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी वाहतुकीचा परवाना मिळेना. गाव मागे हटलं नाही. 27 एप्रिल 2011 ला परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. मग भावही गावच ठरवू लागलं.

पण गावात आलेला पैसा घरोघरी पोचतोच असं नाही. म्हणून पुढच्या ग्रामसभेत आपण बाया पुढे बसू आणि विचारू: बांबू किती गेला, पैसे किती आले, कुठे लागले?