पेशवेपदाचा दावेदार आणि परकीयांचे मत

१/ बारभाईंनी पदच्युत केलेल्या रघुनाथरावांनी मार्च १७७५ मध्ये सुरतेस मुंबईकर इंग्रजांशी तह केला. फौजेच्या मोबदल्यात साष्टी व वसई देऊ केली.

२/ परंतु इंग्रजांतच एकमत नव्हते. कलकत्त्याच्या वरिष्ठ कौन्सिलने तो तह अमान्य करून मार्च १७७६ मध्ये बारभाईंशी पुरंदरचा तह केला.

३/ नाना फडणविसांनीही परकीयांचा कल जोखला. १७७७ मध्ये फ्रेंच सेंट ल्युबिनला पुण्यात मान देऊन इंग्रजांना धास्तावले. लढाईची भिस्त मात्र स्वकीय सरदारांवर ठेवली. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज नमले.

४/ १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी रघुनाथरावांचा पक्ष सोडला. परकीयांचे मत जरूर जोखावे. पण ज्याचे युद्धच त्यावर उभे, त्याचा दावा त्यांच्या सोयीने बुडतो.