ग्राफिक्स कार्ड वेगळं की प्रोसेसरच्या पोटातलं? एका जुन्या वादाचा इतिहास

पीएचडीच्या तयारीला लागलेले बरेचजण विचारतात, "लॅपटॉप घेऊ की ग्राफिक्स कार्डवाला डेस्कटॉप?" प्रश्न साधा दिसतो. पण मालवण-देवगडकडच्या घरात त्याचा अर्थ 'आंब्याच्या हंगामाचे पैसे कुठे घालायचे' असा असतो. दुकानदार सांगेल, "कार्डवाला घ्या, चांगला असतो." हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायचं तर थोडं मागे जायला हवं.

१९८१ च्या आयबीएम पीसीत मदरबोर्डवर चित्र दाखवायची सोयच नव्हती. स्क्रीन जोडायची तर वेगळं कार्ड घ्यावं लागे. साध्या अक्षरांच्या एमडीए कार्डावर ४ केबी मेमरी असे, रंगीत सीजीएवर १६ केबी. म्हणजे सुरुवातच वेगळ्या कार्डाने झाली आणि त्या कार्डाला स्वतःची मेमरी होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट या मेमरीभोवतीच फिरते.

१९९८ मध्ये इंटेलने आय७४० हे कार्ड आणलं. मेमरी महाग, मग टेक्स्चर कॉम्प्युटरच्या मुख्य मेमरीतच ठेवू, असा त्यामागचा हिशोब होता. कार्ड चाललं नाही, पण हिशोब टिकला. १९९९ च्या इंटेल ८१० चिपसेटमध्ये ग्राफिक्स मदरबोर्डवरच आलं. त्याच वर्षी एनव्हिडियाने जीफोर्स २५६ बाजारात आणून त्याला 'जीपीयू' म्हटलं. इथून दोन वाटा फुटल्या: एक स्वस्ताईची, एक ताकदीची. २०११ च्या सँडी ब्रिजपासून इंटेलचं ग्राफिक्स प्रोसेसरच्याच चिपवर गेलं. आज साध्या लॅपटॉपमध्ये असतं ते हेच.

आता फरक बघा. वाडीतली सामायिक विहीर आणि स्वतःच्या परसातली विहीर, असं समजा. लॅपटॉपमधलं ग्राफिक्स मुख्य मेमरीतूनच पाणी भरतं आणि प्रोसेसरही तिथेच रांगेत उभा असतो. डीडीआर४-३२०० च्या दोन पट्ट्या असतील तर सेकंदाला जास्तीत जास्त ५१.२ जीबी माहिती ये-जा करू शकते. १२ जीबीच्या आरटीएक्स ३०६० डेस्कटॉप कार्डावर हाच आकडा ३६० जीबी आहे, म्हणजे सातपट. पण त्या कार्डाला १७० वॅट वीज लागते. पातळ लॅपटॉपचा अख्खा प्रोसेसर मात्र साधारण १५ वॅटसाठी बनवलेला असतो. पावसाळ्यात लाईट गेली की हा फरक लगेच कळतो.

आणि परसातल्या विहिरीलाही तळ असतो! काम कार्डाच्या मेमरीत मावलं नाही तर वेग असून उपयोग नाही. याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे २०१२ चं अ‍ॅलेक्सनेट. २००७ मध्ये आलेल्या क्यूडामुळे ग्राफिक्स कार्डावर इतर गणितं करणं सोपं झालं होतं. टोरांटोच्या संशोधकांनी सुमारे १२ लाख चित्रांवर न्यूरल नेटवर्क शिकवलं. जीटीएक्स ५८० ची ३ जीबी मेमरी पुरेना, म्हणून त्यांनी ते दोन कार्डांवर वाटलं.

आपल्याकडेही हा विचार जुनाच. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्यातल्या प्रत्येक ट्रान्सप्युटरला स्वतःची मेमरी होती, दुसऱ्याकडची माहिती हवी तर निरोप पाठवून मागवायची. 'माहिती कुठे ठेवायची' हा प्रश्न तेव्हाही होता. याच सी-डॅकच्या २०२० च्या परम सिद्धी-एआयमध्ये एनव्हिडियाचे ए१०० जीपीयू आहेत.

आता तुमच्या कामाकडे येऊ. समजा, तुम्हाला सिंधुदुर्ग किल्ल्यावर संशोधन करायचंय. १६६४ मध्ये बांधकाम सुरू झालेला हा किल्ला २०२५ मध्ये इतर अकरा किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत आला. कागदपत्रं वाचायची, नोंदी ठेवायच्या, क्यूजीआयएसमध्ये किनाऱ्याचे नकाशे करायचे, एवढंच असेल तर लॅपटॉपमधलं ग्राफिक्स पुरतं. पण तटाचे शेकडो फोटो काढून त्यांपासून त्रिमितीय मॉडेल करायचं असेल, तर गोष्ट वेगळी. मेशरूमसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये डेप्थ मॅपच्या टप्प्याला क्यूडा चालणारं एनव्हिडिया कार्डच लागतं. तिथे दुसरं कुठलं ग्राफिक्स कितीही चांगलं असलं तरी काम अडतं.

म्हणून 'कुठलं चांगलं?' हा प्रश्नच बदला. संशोधनात अर्धी लढाई इथेच असते. खरेदीआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा: कुठलं सॉफ्टवेअर वापरणार, ते कार्ड मागतं का, आणि एका वेळी किती जीबी माहिती मेमरीत लागेल. उत्तर देता येत नसेल तर विषय अजून पक्का झालेला नाही. मग महागडं मशीन थांबू शकतं. कार्डाची गरज वर्षातून चार दिवसच असेल, तर विभागातलं मशीन किंवा गुगल कोलॅब बघा.

लॅपटॉपच घेणार असाल, तर रॅमची एकच पट्टी आहे की दोन, हे दुकानात नक्की विचारा. एकाच पट्टीवर तो ५१.२ चा आकडा निम्म्यावर येतो. दुसरी पट्टी टाकायला जागा असेल, तर नव्या मशीनच्या मानाने थोड्या खर्चात ग्राफिक्सचा वेग बराच वाढतो. तिथे वाचलेले पैसे फील्डवर्कला ठेवा. किल्ल्यावर जायला होडीचं भाडंही लागतंच!