मागेल त्याला काम : रोजगार हमी योजना आणि दारिद्र्याचा हिशेब

खेड्यातील कोणत्याही प्रौढ व्यक्तीने मागणी केली की तिला काम देण्याची जबाबदारी महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेने सरकारवर टाकली. या योजनेचे मूळ दुष्काळी कामांत आहे. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ब्रिटिश अमलात प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. टंचाई जाहीर झाली की खडी फोडण्याची, रस्त्यांची, तलावांची कामे काढायची आणि पीकपाणी सुधारले की ती बंद करायची, ही पद्धत त्यांतून रुळली. पण अवर्षणप्रवण पट्ट्यातील बेकारी दुष्काळापुरती नव्हती. सुगी संपली की कोरडवाहू गावातील भूमिहीनाच्या आणि अल्पभूधारकाच्या हाताला पुढच्या हंगामापर्यंत फारसे काम नसे.

दरवर्षीच्या या बेकारीवर विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी कायमच्या हमीचा उपाय सुचवला. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग झाला. १९७२ मध्ये, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, योजना राज्यात सुरू झाली; पण त्याच वर्षी मोठा दुष्काळ पडल्याने ती बाजूला राहिली आणि टंचाईची कामे काढावी लागली. मे १९७३ मध्ये त्या कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. दुष्काळ ओसरल्यावर योजना पुन्हा चालू झाली. विधिमंडळाने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

पैशाची सोय १९७५ च्या व्यवसाय कराने झाली. या कराचा मोठा भार मुंबईसारख्या शहरांतील नोकरदार आणि व्यावसायिकांवर पडत होता, आणि त्यात राज्य सरकार आपला वाटा घाली. मजुराने नाव नोंदवून काम मागितले की १५ दिवसांत ते द्यायचे, न दिल्यास बेकार भत्ता द्यायचा, असा नियम होता. भत्ता मात्र क्वचितच मिळे. पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती आणि रस्ते ही मुख्य कामे. ठेकेदार नसे, हजेरीपत्रकावर नाव लागे आणि कामाच्या मोजमापाप्रमाणे स्त्री-पुरुषांना एकाच दराने मजुरी ठरे. शेतातील मजुरीत बायकांना पुरुषांपेक्षा कमी दर मिळत असे, त्यामुळे या कामांवर त्या मोठ्या संख्येने येत.

योजनेमुळे दारिद्र्य हटले का, हा वाद तिच्याइतकाच जुना आहे. कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांच्या १९८० मधील पाहणीत कामावरचे बहुसंख्य मजूर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील आढळले. लाभार्थी निवडण्यासाठी याद्या कराव्या लागल्या नाहीत, कारण थोड्या मजुरीसाठी उन्हात माती उपसायला ज्याला दुसरा आधार आहे तो सहसा येत नाही. गौरव दत्त आणि मार्टिन रॅव्हालियन यांनी सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातील कंझारा या गावांच्या आकडेवारीवरून वेगळा हिशेब मांडला. हमीच्या कामावर जाण्यासाठी मजुराला दुसरी जी कमाई सोडावी लागे, ती मिळालेल्या मजुरीच्या सुमारे एक चतुर्थांश होती. बाकीची भर निव्वळ होती.

विरोधी बाजूही भक्कम होती. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स यांनी १९८३ मध्ये दाखवले की कामातून उभी राहणारी मालमत्ता जमीनमालकांच्या पदरात पडते. पाझर तलावाखालच्या विहिरींना पाणी वाढले तरी तलाव खोदणाऱ्या भूमिहीनाकडे विहीरच नसे. शिवाय खोट्या हजेऱ्या, अर्धवट कामे आणि थकलेली मजुरी यांच्या तक्रारी सतत होत राहिल्या.

१९८८ मध्ये किमान वेतनवाढीबरोबर योजनेचा दर सुमारे दुप्पट झाला. मजुरी वाढल्यावर कामावर येणारे वाढायला हवे होते. प्रत्यक्षात मनुष्यदिवस घटले. मागणी असूनही नवी कामे पुरेशी काढली गेली नाहीत आणि हमी पातळ झाली, असा निष्कर्ष रॅव्हालियन, दत्त आणि शुभम चौधरी यांनी काढला. १९९० पासून फळबाग लागवड योजनेला जोडली गेली. त्यातून आंबा, डाळिंबाच्या बागा वाढल्या, पण हा लाभ जमीन असणाऱ्यालाच मिळू शकत होता.

राज्याचे एकूण आकडे सावध करतात. नियोजन आयोगाच्या जुन्या पद्धतीनुसार १९७३-७४ ते १९९३-९४ या काळात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील दारिद्र्याचे प्रमाण ५७.७ टक्क्यांवरून ३७.९ टक्क्यांवर आले. देशाच्या ग्रामीण भागात ते ५६.४ वरून ३७.३ झाले, आणि तिथे अशी हमी नव्हती. म्हणजे योजनेने राज्याला इतरांपुढे नेले, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. मात्र दारिद्र्यरेषेखाली किती माणसे आहेत एवढेच हे प्रमाण सांगते. त्या रेषेखालच्या कुटुंबाने उन्हाळा कसा काढला, हे त्यात दिसत नाही. कर्ज न काढता, जनावरे न विकता कोरडे महिने निभावण्याचा आधार हा योजनेचा खरा लाभ होता. दारिद्र्यातून कायमचे बाहेर पडायला जमीन, पाणी, शिक्षण किंवा टिकाऊ रोजगार लागतो, आणि ती तरतूद मजुरीच्या हमीत नव्हती.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता. वर्षाला प्रत्येक कुटुंबामागे १०० दिवसांची मर्यादा त्याने घातली, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये २०० जिल्ह्यांत त्याची अंमलबजावणी सुरू झाली.