माजी विद्यार्थी परत येतो तेव्हा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाची सभा झाली. नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) एका तालुक्याच्या गावचे हे कॉलेज. मी तिथलाच विद्यार्थी. पुढे दुसरीकडे इतिहास शिकवून निवृत्त झालो आणि संघाचा चिटणीस झालो. जमलेल्या निधीचे काय करायचे, एवढाच सभेपुढचा विषय होता. बहुतेकांना प्रवेशद्वारावर दगडी कमान हवी होती. मागच्या बाकावरून एक जण उठला आणि म्हणाला, "गणिताला दोन वर्षं कायमचा माणूस नाही. तासिका तत्त्वावर येणारा पोरगा मध्येच सोडून जातो. त्याचं काही बघा ना." क्षणभर शांतता पसरली. मग मतदान झाले आणि कमान मंजूर झाली. माझाही हात कमानीच्या बाजूने वर होता.

तो हात मला पुढे महिनाभर सलत राहिला. म्हणून मी माझ्या सवयीप्रमाणे जुन्या गोष्टींकडे वळलो. शिकून गेलेला माणूस शाळेला काय देतो आणि आपल्या भागात त्याने आजवर काय दिले, हे मला पाहायचे होते.

नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 साली सुरू झाले. सिंथिया फरार या अविवाहित शिक्षिका 1827 साली मुंबईत उतरल्या, 1839 साली नगरला आल्या आणि 1862 साली इथेच वारल्या. त्यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांच्या मनात पुण्यातल्या शाळेची कल्पना आली आणि सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे फरारबाईंकडे घेतले, असे चरित्रकार सांगतात. तसे पाहिले तर सावित्रीबाई या नगरच्या सर्वांत मोठ्या माजी विद्यार्थिनी. नगरच्या शाळेच्या इमारतीला त्यांनी काही दिले नाही. घेतलेले शिक्षण त्यांनी पुण्यातल्या मुलींना दिले. ऋण जिथून घेतले तिथेच फेडावे लागत नाही, हे मला इथे पहिल्यांदा उमगले.

त्याच सुमारास मुंबईत एल्फिन्स्टनच्या वर्तुळात असेच काही घडत होते. 1848 साली तिथल्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी मिळून एक साहित्य-विज्ञान सभा काढली. निबंध वाचायचे आणि चर्चा करायची, हा तिचा मूळ हेतू. पण वर्षभरातच या तरुणांना वाटले की नुसत्या चर्चेने भागणार नाही. 1849 साली त्यांनी मुलींच्या शाळा उघडल्या आणि सुरुवातीला सभासदच सकाळच्या वेळी बिनपगारी शिकवायला उभे राहिले. दादाभाई नौरोजी त्यांतले एक. मुलींच्या शिक्षणासाठी जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या धनिकांनी जागा आणि पैसा दिला, हे खरेच. तरी शाळा सुरू झाली ती शिकवायला माणसे उभी राहिली म्हणून.

आता आपल्या शतकाकडे येऊ. 1947 साली नगरमध्ये डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज सुरू केले आणि साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी छत्रपती शिवाजी कॉलेज. नव्या कॉलेजला माजी विद्यार्थी असणार कुठून? त्याला हात देतात ते तिथे कधीच न शिकलेले लोक. रयत शिक्षण संस्थेच्या इतिहासात तर हे ठळक दिसते. 1919 साली काले या गावी निघालेली ही संस्था 1924 साली साताऱ्यात आली. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी मंगळसूत्र मोडले. घरोघरच्या बायांनी दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढून मुष्टिफंडाला दिले. यांतल्या कितीतरी जणींना अक्षरओळखही नसेल.

पुढची पिढी मात्र माजी विद्यार्थ्यांची होती. भाऊरावांच्या वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले. वकिलीत पैसा होता. ते मात्र रयतमध्ये परतले, प्राचार्य झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. त्यांच्यासारखे नाव न मिळालेले शेकडो जण खेड्यापाड्यांतल्या शाळांवर मास्तर म्हणून गेले. कमवा आणि शिका योजनेत ज्याने शेतात राबून फी भागवली, तोच पुढे फळ्यापुढे उभा राहिला. 1960 नंतरच्या काही वर्षांत श्रीरामपूर, कर्जत आणि कोपरगाव इथे रयतची महाविद्यालये उभी राहिली. कोपरगाव-श्रीरामपूर पट्ट्यात साखर कारखानदारीतून पैसा आला होता आणि कर्जतसारख्या दुष्काळी तालुक्यात तो नव्हता. तरी कॉलेजे दोन्हीकडे चालली. याचे कारण मला शिकवणाऱ्या माणसांच्या या साखळीत दिसते.

माजी विद्यार्थ्यांच्या नोंदणीकृत संघाला आजच्यासारखे महत्त्व आले ते अलीकडे. 1994 साली 'नॅक' स्थापन झाली. कॉलेजच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा वेगळा रकाना आला आणि गावोगाव संघ निघाले. यात वाईट काही नाही. मेळाव्यांना गर्दी होते, जुने मित्र भेटतात, निधी जमतो. पण रकान्यात रक्कम लिहिता येते आणि कमानीचा फोटो जोडता येतो. मंगळवारी सकाळी अकराच्या तासाला वर्गात कुणी होते की नाही, हे त्या फोटोत दिसत नाही.

रिकाम्या जागा भरणे हे सरकारचे आणि संस्थांचे काम आहे. ते आपण अंगावर घेतले तर त्यांना आयतीच मोकळीक मिळेल, असे आमच्या सभेत एक जण म्हणाला होता. मुद्दा खोटा नाही. भरतीसाठी भांडलेच पाहिजे. पण सावित्रीबाईंनी किंवा एल्फिन्स्टनच्या पोरांनी सरकारची वाट पाहिली असती, तर पहिली घंटा वाजायला आणखी किती वर्षे गेली असती?

आमची कमान उभी राहिली आहे. दगड चांगला आहे, घडाईही सुबक. खालच्या पाटीवर कार्यकारिणीची नावे आहेत, त्यांत माझेही. जूनपासून मी आठवड्यातून दोन दिवस त्या कमानीखालून आत जातो आणि पहिल्या वर्षाला इतिहास शिकवतो. मानधन घेत नाही. पाटीकडे बघणे टाळतो.

गणिताला माणूस अजून मिळालेला नाही.