सत्तर जनुके आणि एक स्लाइड

स्तनाच्या कर्करोगाची गाठ काढून झाली की बाईचा आणि घरच्यांचा एकच प्रश्न उरतो: पुन्हा उलटेल का? या प्रश्नाचे उत्तर आता सूक्ष्मदर्शकात नाही, जनुकांत आहे, असे मत गेल्या वीस वर्षांत वैद्यकीय परिषदांपासून रविवारच्या पुरवण्यांपर्यंत पक्के रुजले आहे. मला ते मान्य नाही. का नाही ते सांगते. निवाडा वाचकांनी करावा.

आधी पूर्वपक्ष, त्याच्या पूर्ण बळानिशी. २००२ साली ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी ७० जनुकांच्या सक्रियतेवरून रोग परतण्याचे भाकीत मांडले. २००४ मध्ये २१ जनुकांच्या चाचणीचे निष्कर्ष आले; तिचा गुण ० ते १०० यांमधला. पुढे याच चाचणीवरच्या टेलरएक्स या मोठ्या अभ्यासात ११ ते २५ गुणांच्या ६,७११ स्त्रियांचा हिशेब २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा रोग हार्मोनच्या आधाराने वाढणारा आणि काखेतल्या ग्रंथींपर्यंत न पोचलेला. काहींना फक्त हार्मोनरोधक औषध दिले, काहींना जोडीला किमो. नऊ वर्षांनी रोगाविना जगणाऱ्यांचे प्रमाण किमोविना ८३.३ टक्के, किमोसह ८४.३ टक्के. हजारो स्त्रियांची किमो टळली ती यामुळे. उलट, एकाच स्लाइडवर केआय-६७ हे पेशीविभाजनाची खूण असलेले प्रथिन मोजताना दोन पॅथॉलॉजिस्टांचे आकडे जुळत नाहीत. मग काचेच्या तुकड्याला कवटाळून का बसावे?

किमो टळली, हे निर्विवाद आणि मोलाचे आहे. माझा आक्षेप त्यापुढच्या उडीला आहे. चाचणी उपयोगी ठरली, म्हणून ती रोगाचा मूळ स्वभाव वाचते, आणि जनुके जितकी जास्त तितके वाचन खोल, हे कुठे सिद्ध झाले?

दोन्ही चाचण्या एकच मूळ स्वभाव वाचत असतील, तर ७० आणि २१ यांत सामाईक जनुके किती? एक. तरीही त्यांचे भाकीत बऱ्याच अंशी मिळतेजुळते येते. या कोड्याची उकल २०११ साली व्हेने, द्युमाँ आणि देतूर या तिघा संशोधकांनी केली. त्यांनी प्रसिद्ध झालेल्या ४७ जनुकसंचांची तुलना तितक्याच जनुकांच्या, डोळे मिटून उचललेल्या संचांशी केली. सुमारे ६० टक्के संच यादृच्छिक संचांहून लक्षणीयरीत्या सरस ठरले नाहीत. शंभरावर जनुके कशीही उचलली, तरी दहांतले नऊ संच रोगाचे भवितव्य ‘सांगत’ होते. जेवणानंतर हसल्याने रक्तपेशींत बदलणारी जनुकेसुद्धा! हसण्याचा आणि स्तनाच्या गाठीचा काय संबंध?

संबंध आहे तो पेशीविभाजनाच्या वेगाशी. पेशी भराभर दुभंगू लागल्या की जनुकांचा फार मोठा भाग त्यांच्याबरोबर हलतो, म्हणून कुठूनही मूठ भरा, वेग हाती लागतो. त्या वेगाचा हिशेब वजा केल्यावर बहुतेक संचांचे भाकीत विरले. २१ जनुकांची यादीच पाहा. पाच केवळ मोजपट्टीसाठी. उरलेल्या सोळांपैकी पाच विभाजनाची, आणि सर्वांत जड वजन त्याच गटाला. त्यांत केआय-६७ आहेच. शिवाय इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टर आणि हर-टू. हे चारही आम्ही पॅथॉलॉजिस्ट रोज स्लाइडवर रंगवतो.

गाठ किती आक्रमक दिसते याची ग्रेड ठरवताना मी तिच्या कडेशी जाते. चाळीसच्या भिंगाखाली दहा क्षेत्रे सरकवत दुभंगणाऱ्या पेशी मोजते: केंद्रकाची भिंत नाहीशी झालेली, मध्यावर रंगसूत्रांची केसाळ काळी पट्टी, कधी दोन टोकांना ओढले गेलेले दोन पट्टे. आकसून मेलेली पेशीही काळी दिसते, पण तिची कड गुळगुळीत असते. ती मोजायची नाही. ही मोजणी हाताची आहे म्हणून ती उथळ कशी ठरते? जनुकांचा गुण ज्या घटनेचा पडसाद ऐकतो, ती घटना इथे डोळ्यांसमोर घडताना थिजलेली असते.

गुणात सगळे सामावले असते, तर स्लाइडने त्यात काही भर घालायला नको होती. पण टेलरएक्सच्याच २०१९ च्या विश्लेषणात, गुण त्याच पट्ट्यातला असताना, गाठीचा आकार आणि ग्रेड वाईट असणाऱ्या स्त्रियांत रोग दूरवर उलटण्याचे प्रमाण जास्त निघाले. म्हणजे जनुकांना न दिसलेले काहीतरी काचेवर दिसत होते.

राहिला आकडे न जुळण्याचा आक्षेप. तो खरा आहे, विशेषतः मधल्या पट्ट्यात. पाच टक्क्यांपर्यंत किंवा तीसच्या वर केआय-६७ असेल तर मतभेद फारसा होत नाही. त्यामधल्या आकड्यावर एकट्याने निर्णय घेऊ नये, हे मीही सांगते. पण यंत्राचा आकडा तरी कुठून येतो? शनिवारी दुपारी काढलेला स्तन न चिरता तसाच फॉर्मॅलिनच्या बरणीत टाकलेला मी सोमवारी उघडला आहे. फॉर्मॅलिन तासाला जेमतेम मिलिमीटरभर झिरपते. बाहेरून टणक, आत मधोमध गाठ करडी आणि लिबलिबीत. अशा गाठीत माझे रंग बिघडतात, तसा जनुकचाचणी जो मोजते तो आरएनएही तुटतो. जनुकचाचणीसाठी निराळी गाठ येत नाही. तिचे काप, स्लाइड ज्यातून बनते त्याच मेणाच्या ब्लॉकमधून घेतात. कोणता ब्लॉक पाठवायचा, त्यात कर्करोग किती, चरबी किती, बायोप्सीच्या सुईची जखम किती, हे स्लाइड पाहून पॅथॉलॉजिस्टच ठरवतो.