स्पिती खोऱ्यातील सायकलभ्रमंती

हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात सायकलने जाण्याचे दोन मार्ग आहेत. मनालीचा मार्ग जवळचा. परंतु सुमारे २,०५० मीटरवरून निघालेल्या प्रवाशाला तो थोड्याच दिवसांत साडेचार हजार मीटरहून उंच कुंझुम खिंडीत नेतो. विरळ हवेचा त्रास गाठतो तो येथेच. हिवाळ्यात तर खिंड बर्फाने बंदच असते. सिमल्याहून किन्नौरमार्गे वाट लांबची, तरीही तीच श्रेयस्कर. रामपूरपासून सतलजच्या काठाने उंची हळूहळू वाढत जाते व शरीर तिला सरावते. खाब येथे स्पिती नदी सतलजला मिळते. तिच्या खोऱ्यात पुढे इ. स. ९९६मध्ये स्थापन झालेला ताबोचा मातीच्या भिंतींचा मठ आणि स्पितीची जुनी राजधानी धनकर लागते. डोकेदुखी, मळमळ जाणवल्यास मुक्काम वाढवावा. त्रास न थांबल्यास खाली उतरावे. ताबोची भित्तिचित्रे पाहण्यास एक दिवस तसाही अपुराच पडतो.